किती जीव, कुठलं पाणी? कावेरीकाठची कोळंबीची गोष्ट



आजचा विषय कोळंबी. हसू नका. या मालिकेत आपण आतापर्यंत लढाया, किल्ले, तह असंच पाहत आलो, आणि आज हा म्हातारा एकदम मासळीबाजारात कसा शिरला, असं काहींना वाटेल. पण हाही इतिहासच आहे. यात नद्या आहेत, धरणं आहेत, तंजावरचे भोसले आहेत, सर्वोच्च न्यायालय आहे. आणि एका कागदावरची माझी स्वतःची सही आहे. तिच्याबद्दल मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

सुरुवात झाली बैलकुप्प्याला. मैसूरहून मडिकेरीकडे जाताना कुशालनगरच्या अलीकडे हे गाव लागतं. इथे कावेरी ही दोन जिल्ह्यांची हद्द आहे. अलीकडे मैसूर, पलीकडे कोडगू. पर्यटक इथे नामड्रोलिंग मठातलं सुवर्णमंदिर बघायला येतात. मी जातो ते माझ्या उस्तादांना भेटायला.

१९६२ च्या युद्धाच्या काळात तिबेटी जवानांचं एक दल उभं राहिलं, स्पेशल फ्रंटियर फोर्स. उस्ताद त्यातले. मी लडाखमध्ये तरुण अधिकारी म्हणून गेलो तेव्हा बर्फावर पाऊल कसं टाकायचं, दम कसा राखायचा, हे मला त्यांनी शिकवलं. फौजेत शिकवणारा हुद्द्याने लहान असला तरी उस्तादच. मी त्यांना उस्ताद म्हणतो, ते मला साब म्हणतात. दोघेही निवृत्त झालो, तरी त्यात बदल नाही.

मागच्या खेपेला मी त्यांना कुशालनगरला जेवायला नेलं. त्यांनी वरण-भातासारखं साधं काहीतरी मागवलं. मी कोकणातला, वाशिष्ठीच्या खाडीकाठचा. मी कोळंबी मागवली. ताट आलं. उस्तादांनी बराच वेळ माझ्या ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "साब, इसमें कितने हैं?"

मला वाटलं, किंमत विचारतायत. त्यांनी बोट दाखवलं. मी मोजल्या. बावीस.

ते रागावले नव्हते. त्यांच्या घरात मांस वर्ज्य नाही. त्यांनी फक्त त्यांच्याकडचा हिशेब सांगितला. वरती तिबेटात शेती थोडी, भाजी कमी, मांस खावंच लागतं. मग मारायचा तर मोठा जीव मारा. एक याक मारला तर घर महिनोन् महिने खातं. मासे आणि कोळंबीसारखे लहान जीव मात्र एका माणसाच्या एका जेवणाला कितीतरी लागतात, म्हणून जुनी माणसं ते टाळायची.

पुढचा प्रश्न त्यांनी सहज विचारला. "ये अपनी कावेरी का है?"

मी ऐटीत म्हणालो, असणारच. वाढणारा मुलगा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "नाही सर, मंगळूरहून येते." उस्ताद हसले. "इतकी मोठी नदी दाराशी, मग कावेरीत का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. जन्म खाडीकाठी गेलेला माणूस मी, आणि कोळंबी राहते कुठे, येते कुठून, हे मला माहीत नव्हतं. आजचं हे बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी प्राणी नीट ओळखून घेऊ. आपण सगळ्यांना सरसकट कोळंबी म्हणतो. गोव्यात आणि मालवणात सुंगटं म्हणतात, विदर्भात तळ्यातल्या लहान जातीला झिंगे म्हणतात. ही सगळी खेकड्यांच्या मोठ्या गोतावळ्यातली. अंगावर कवच, दहा पाय, वाढायचं तर जुनं कवच टाकून नवं धरायचं. पण पाण्याच्या बाबतीत यांची घराणी वेगळी, आणि त्यांचे प्रवास एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत.

पहिलं घराणं समुद्राचं. वाघासारखे पट्टे असलेली टायगर कोळंबी यातली. मादी खोल समुद्रात लाखोंनी अंडी सोडते आणि निघून जाते. अंड्यातून निघणारं पिल्लू कोळंबीसारखं दिसतही नाही. रूपं बदलत, लाटांबरोबर वाहत दोन-तीन आठवड्यांत ते इवलीशी कोळंबी होतं आणि भरतीबरोबर खाडीत शिरतं. खाडीत चिखल आहे, खारफुटीच्या मुळांचा आडोसा आहे, खाणं भरपूर आहे. तिथे काही महिने वाढायचं आणि मोठं होऊन समुद्रात परतायचं.

दुसरं घराणं नदीचं. निळ्या लांब नांग्यांची मोठी कोळंबी, जिला निर्यातीच्या बाजारात स्कॅम्पी म्हणतात, ती यातली. ही राहते गोड्या पाण्यात. मादी अंडी सोडून देत नाही, पोटाखाली चिकटवून सुमारे तीन आठवडे वागवते. पण पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत. काही दिवसांत त्यांना खारट पाणी मिळालं नाही तर ती मरतात. म्हणून पावसाळ्यात अंडी पोटाशी घेऊन माद्या नदीच्या प्रवाहाबरोबर खाली खाडीपर्यंत येतात. पिल्लं तिथे अकरा अवस्थांतून वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध चालत, बंधाऱ्याच्या ओल्या कडेने सरपटत पुन्हा वर गोड्या पाण्यात जातात.

म्हणजे एकीचं माहेर समुद्र, दुसरीचं नदी. पण दोघींची बाळं वाढतात ती खाडीतच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. निळ्या नांग्यांच्या कोळंबीच्या पिल्लांना साधारण त्याच्या एक तृतीयांश खारटपणा लागतो. तो ना समुद्रात मिळतो ना नदीत. नदी समुद्राला जिथे भेटते तिथेच मिळतो.

ही साधी गोष्ट माणसाला कधी कळली? फार उशिरा. या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन डच प्राणिशास्त्रज्ञ डी मान यांनी १८७९ साली केलं, न्यू गिनीतल्या नमुन्यांवरून. नाव दिलं नमुने गोळा करणाऱ्या फॉन रोझेनबर्गचं. हा जर्मन गृहस्थ डच वसाहतीच्या फौजेतून पूर्वेकडे आलेला. पण पिल्लांना खारट पाणी लागतं, हे मलायातल्या पिनांगला शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं १९६१ च्या सुमारास. तोवर कितीही प्रयत्न केले तरी हौदातली पिल्लं मरत होती. मग हवाईमध्ये फुजिमुरा यांनी ती मोठ्या प्रमाणावर वाढवून दाखवली. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, शेततळ्यात ही कोळंबी वाढते, पण तिचं बीज खारट पाण्याच्या हौदातच तयार करावं लागतं.

आता उस्तादांच्या प्रश्नाकडे येऊ. कावेरीत का नाही?

आहे. पण बैलकुप्प्यापर्यंत नाही. समुद्राकडून वर निघालेली कोळंबी कावेरीने किती अंतर चढली असती, हे नकाशावर बघा. पूंपुहारजवळ मुख. मग तंजावरचा सपाट प्रदेश, तिरुचिरापल्ली, ईरोड, होगेनक्कल, आणि पुढे शिवनसमुद्र. शिवनसमुद्राला कावेरी जवळजवळ शंभर मीटर खाली उडी मारते. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज द्यायला १९०२ साली जलविद्युत केंद्र उभं राहिलं ते इथेच. ही उडी धरणांच्या कितीतरी आधीची. खाडीतून आलेल्या कोळंबीला ती चढणं शक्य नाही. बैलकुप्पे त्याच्याही कितीतरी वर आहे.

मग वर कुणीच नाही का? आहेत. लहान, पारदर्शक झिंगे आहेत. कोडगूच्या भातखाचरांत खेकडे आहेत. कोडवा घरांत पावसाळ्यात त्यांचं कालवण होतं. पण हे समुद्राचा नाद सोडलेले जीव. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची मादी लाखो अंडी घालत नाही. थोडी घालते, पण मोठी, आत भरपूर शिदोरी भरलेली. आणि पिल्लं बाहेर येतात ती रूपं बदलत वाहून जाणारी नसतात, थेट छोटे खेकडेच असतात. आई त्यांना काही काळ पोटाखालीच सांभाळते. खाडीचा रस्ता नाही म्हटल्यावर पिल्लांना प्रवासाला पाठवून चालत नाही, घरातच वाढवावी लागतात.

हे मी उस्तादांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मला बैलकुप्प्याची सुरुवात सांगितली. १९५९ साली ते आईबरोबर सीमा ओलांडून आले, वय नऊ-दहा. तेव्हाच्या मैसूर सरकारने निर्वासितांसाठी इथलं सुमारे तीन हजार एकर जंगल दिलं. १९६० च्या अखेरीस पहिली तुकडी आली आणि पहिली वसाहत उभी राहिली, लुगसुंग सामदुपलिंग. थंड पठारावरची माणसं, इथली उष्णता, हत्ती, ताप. बांबूच्या झोपड्या बांधायच्या आणि दिवसभर झाडं तोडायची, झुडपं जाळायची. उस्ताद म्हणाले, आई संध्याकाळी रडायची. धुरामुळे रडते असं मला वाटायचं. ती रडायची ती आजच्या जाळात किती किडे-मुंग्या मेल्या असतील म्हणून.

त्यांनी माझ्या ताटातल्या कोळंब्या का मोजायला लावल्या, ते मला तेव्हा कळलं.

आता नदीबरोबर खाली जाऊ. कावेरीवर माणसाने बांधलेल्या भिंतींचा इतिहास फार जुना आहे. तिरुचिरापल्लीजवळचा कल्लणै बंधारा करिकाल चोळाच्या नावावर आहे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण तो ठेंगणा, पुराचं पाणी अंगावरून जाऊ देणारा. आर्थर कॉटनने १८३६ च्या सुमारास कोळ्ळिडम नदीवर वरचा आणि खालचा असे बंधारे बांधले. तेही फार उंच नव्हते. विसाव्या शतकात मात्र खऱ्या भिंती आल्या. कृष्णराजसागराचं काम १९११ साली सुरू झालं. सर विश्वेश्वरय्यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे आणि पुण्या-मुंबईशी त्यांचा किती संबंध होता हे आपल्याला ठाऊक आहे. १९३४ साली मेट्टूर धरण झालं. या धरणांनी लाखो लोकांचं पोट भरलं, हे मी आधीच सांगतो. पण धरण दोन गोष्टी करतं. वर जाणाऱ्याचा रस्ता अडवतं, आणि खाली जाणारं पाणी कमी करतं.

यातली दुसरी गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. कावेरीच्या पाण्यावरून कर्नाटक आणि तमिळनाडू यांचं भांडण किती वर्षं चाललं हे तुम्हाला माहीत आहे. कावेरी जलतंटा लवादाने २००७ साली अंतिम निवाडा दिला. एकूण ७४० टीएमसी पाणी धरलं. तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३०, पुदुच्चेरीला ७. दहा टीएमसी पर्यावरणासाठी. आणि उरलेले चार? ते समुद्रात निसटून जाणारच, टाळता येत नाही, म्हणून सोडलेले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाचा वाटा पावणेपंधरा टीएमसीने वाढवला, तमिळनाडूचा तेवढाच कमी केला. बाकीचे आकडे तसेच राहिले.

मी या आकड्यांवर बराच वेळ थांबलो. आपण सगळेच म्हणतो, पाणी समुद्रात वाया जातं. माझे वडीलही वाशिष्ठीकडे बघून तेच म्हणायचे. पण नदीचं गोडं पाणी खाडीत पोचलंच नाही तर खाडीही समुद्राइतकीच खारट होते. मग खाडीत वाढणारं नदीचं पिल्लू वाढणार कुठे? लवादापुढे चार पक्षकार होते. पाचवा पक्षकार खाडीत होता. त्याच्या वतीने वकील नव्हता.

आता तंजावर. इथे आपली मराठी माणसं आहेत. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. कावेरीच्या या मुखाच्या प्रदेशात पावणेदोनशे वर्षं मराठी राजे होते. त्यांच्या राज्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचं बंदर, डॅनिश लोकांचं. नायक राजांनी ते त्यांना १६२० साली दिलेलं होतं.

या तरंगंबाडीत डाल्डॉर्फ नावाचा एक डॅनिश लेफ्टनंट होता. फौजी माणूस, पण छंद किडे, मासे, खेकडे गोळा करण्याचा. १७९१ साली त्याने ताडाच्या झाडावर चढणारा मासा पाहिला आणि पुढे लंडनच्या लिनियन सोसायटीला तसं लिहून कळवलं. त्यावर लोक कितीतरी वर्षं वाद घालत राहिले. त्याने गोळा केलेले बरेच नमुने फाब्रिसियस या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाकडे गेले. फाब्रिसियसने १७९८ साली एक पुरवणी ग्रंथ छापला आणि त्यात हिंदी महासागरातल्या टायगर कोळंबीचं वर्णन करून तिला मोनोडॉन हे नाव दिलं. आजही जगभर तेच नाव चालतं.

त्याच १७९८ साली तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे दुसरे बसले. सरस्वती महाल ग्रंथालयाला वैभव देणारे, वैद्यकाचा अभ्यास करणारे, पशुपक्ष्यांची चित्रं काढवून घेणारे आपले सरफोजी. पुढच्याच वर्षी कंपनीने तह करून त्यांचं राज्य काढून घेतलं आणि त्यांच्याकडे किल्ला आणि थोडा परिसर तेवढा ठेवला. कोळंबीला नाव मिळालं आणि किनारा राजाच्या हातून गेला, या दोन गोष्टी लागोपाठच्या दोन वर्षांत घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण पुढे दोनशे वर्षांनी याच किनाऱ्यावर, याच कोळंबीवरून, जमीन कुणाची हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

तो प्रसंग समजण्यासाठी आधी गोव्यात एक चक्कर मारू. गोव्यात खाडीलगतच्या सखल जमिनीला खाजण म्हणतात. आपल्या कोकणात खार जमीन. भरतीचं पाणी अडवायला बांध, आणि बांधात लाकडी झडपांचं दार, त्याला मानस म्हणतात. पावसाळ्यात खाजणात गोडं पाणी असतं, तेव्हा खारं सोसणारं भात. भात निघालं की मानस उघडायची. भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं आत येतात, वाढतात. ओहोटीला दाराशी जाळं लावलं की सुंगटं मिळतात. केरळात पोक्कळी शेती अशीच, बंगालात भेरी. खारं आणि गोडं पाणी आळीपाळीने, आणि बांध कुणी सांभाळायचा, मानस कधी उघडायची, हे गाव ठरवणार. शेकडो वर्षं हे चाललं.

१९९० नंतर जपान-अमेरिकेच्या बाजारात कोळंबीला सोन्याचा भाव आला आणि ही आळीपाळी मोडली. बारा महिने खारं पाणी, दाट बीज, यंत्राने हवा, गोणीतलं खाद्य. कावेरीच्या मुखाशी, नागपट्टिणम भागात कंपन्यांनी भाताच्या जमिनी घेऊन तळी खणली. तळ्यातलं मीठ शेजारच्या शेतात झिरपलं, विहिरी खारट झाल्या. भाताच्या एका एकराला जितके हात लागतात तितके तळ्याला लागत नाहीत, म्हणून मजुरांचं काम गेलं. किनाऱ्यावर जायची कोळ्यांची वाट बंद झाली.

याच भागात किळवेण्मणी आहे. १९६८ च्या नाताळच्या रात्री तिथे मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित कुटुंबांतली ४४ माणसं झोपडीत जाळली गेली. त्यानंतर तिथे जाऊन राहिलं एक सर्वोदयी जोडपं, एस. जगन्नाथन आणि कृष्णम्मल. विनोबांच्या भूदानात घडलेली माणसं. विनोबा आपल्या रायगडमधल्या गागोद्याचे. त्यांनी लावलेलं रोप कावेरीच्या मुखाशी असं उगवलं होतं. या दोघांनी वर्षानुवर्षं खपून भूमिहीन बायकांच्या नावावर जमिनी करून दिल्या. आणि आता त्याच जमिनींच्या कडेला खारी तळी आली. ऐंशीच्या घरातले जगन्नाथन सत्याग्रहाला बसले आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्यायालयाने पाहणी करायला सांगितलं ते नागपूरच्या नीरी या संस्थेला. निकाल ११ डिसेंबर १९९६ चा, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाचा. किनारा नियंत्रण क्षेत्रातली कोळंबीची तळी ३१ मार्च १९९७ पर्यंत काढून टाका. पारंपरिक पद्धतीची चालतील. नुकसानीची भरपाई प्रदूषण करणाऱ्याने द्यावी. आणि यावर देखरेखीला एक प्राधिकरण नेमा. जगन्नाथन जिंकले. पण निकालाला स्थगिती मिळाली, फेरविचाराचे अर्ज झाले, आणि २००५ साली संसदेने कायदा करून किनाऱ्यावरची कोळंबी शेती नियमांखाली चालू ठेवली. २००८ साली त्या दोघांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. जगन्नाथन २०१३ साली गेले.

आता ती सही.

१९९४ सालीच, आमच्या वाशिष्ठीकाठी, माझ्या मावसभावाने खाडीलगतची भाताची खाचरं एका कंपनीला करारावर दिली. मी सुट्टीवर घरी आलो होतो. दादा म्हणाला, तू फौजेतला अधिकारी, तुझी सही असली की कागदाला वजन येईल. मी करार वाचला नाही. साक्षीदार म्हणून सही केली आणि पुढच्या गाडीने निघून गेलो.

पहिलं पीक उत्तम आलं. दादाने घराला कौलं नवी घातली. त्याच सुमारास देशभरातल्या तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला. टायगर कोळंबीच्या कवचावर ठिपके दिसायचे आणि काही दिवसांत तळंच्या तळं मरायचं. आमच्याकडेही तेच झालं. कंपनीची माणसं एका आठवड्यात पंप उचलून गेली. पुढच्या पावसात बांध फुटला, तो कुणी बांधायचा हे करारात नव्हतं. खाचरात खारं पाणी बसलं. गावाने श्रमदानाने बांध घातला तो चार वर्षांनी. पावसाने मीठ धुऊन जमीन हळूहळू पुन्हा भाताला आली. विहीर मात्र आली नाही. तिच्या पाण्याचा चहा आजही फाटतो.

दादाने मला कधी दोष दिला नाही. पण त्या विहिरीवर पाणी भरणारी घरं सात होती. ती मी कधी मोजली नव्हती. कुशालनगरच्या जेवणानंतर मोजली.

कोळंबीचा व्यापार त्या रोगातून सावरला तो नव्या जातीवर. २००९ साली सरकारने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वेनामी कोळंबीला परवानगी दिली. बाहेरून येणारे जननकोळंबे चेन्नईला विलगीकरणात तपासूनच आत घेतात. आज आपल्या शेतीतल्या कोळंबीच्या निर्यातीत बहुतांश वाटा हिचाच. आपल्या मुंबईच्या वर्सोव्यातल्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेने तर हरियाणात रोहतकजवळ, जिथे भूजल खारट होऊन शेती बुडाली, तिथे कोळंबी वाढवण्याचे प्रयोग केले. म्हणजे खारं पाणी हे संकटही आहे आणि कुणाला आधारही. जमीन आधीच खारट झालेली आहे की तुम्ही तिला खारट करताय, फरक एवढाच. मी कोळंबी शेतीच्या विरोधात नाही. न वाचता केलेल्या सहीच्या विरोधात आहे.

शेवटची गोष्ट उस्तादांसाठी. कोळंबीच्या बीजशाळेत इवल्या पिल्लांना खायला काय देतात? आर्टेमिया. हाही कोळंबीचाच दूरचा भाऊबंद, नखाएवढा, कमालीच्या खारट तळ्यांत राहणारा. तळं आटलं की त्याचे गर्भ कवचात बंद होतात आणि वर्षानुवर्षं कोरडे पडून राहतात. खारं पाणी मिळालं की दिवसभरात पिल्लू बाहेर. अमेरिकेतल्या यूटाच्या खारट सरोवरातून हे कवच डब्यांत भरून जगभर जातं. आणि १९९८ साली याची एक वेगळी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरच्या एका खारट सरोवरातून. तिचं नाव आर्टेमिया तिबेटियाना.

परवा बैलकुप्प्याला गेलो तेव्हा उस्तादांच्या अंगणात बसून हे सगळं सांगितलं. लडाखमध्ये त्सो कारच्या काठावर पांढरं मीठ साचलेलं आम्ही दोघांनी पाहिलं होतं, चांगपा मेंढपाळ ते गोळा करायचे. मी म्हणालो, उस्ताद, तुमच्या मुलुखात तशाच तळ्यात हा जीव आहे. पाणी नसलं तरी मरत नाही, कवचात थांबून राहतो.

त्यांनी विचारलं, "कितने साल?"

मी म्हणालो, बरीच वर्षं.

ते उठले, आत जाऊन चहा घेऊन आले. लोणी-मिठाचा तिबेटी चहा. सत्तरीचा माणूस, नऊ-दहाव्या वर्षी आलेला, परत एकदाही गेलेला नाही. त्यांनी माझा पेला भरला आणि म्हणाले, "साब, आप झिंगा खाइए. मना नहीं है. बस गिन लीजिए."

तेव्हापासून मी मोजतो. ताटातलीही, आणि कागदावर सही करण्याआधी आजूबाजूची घरंही.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावच्या खाडीची, खाजणाची, तळ्यातल्या झिंग्यांची काही जुनी हकिकत असेल तर जरूर लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.